रूपक तालातला राजीनामा

राजीनाम्याचा मेल टाईप करून झाला होता, पण 'सेंड'वर बोट जात नव्हतं. रात्रीचा दीड. हेडफोनवर पीटर गॅब्रिएलचं 'सोल्सबरी हिल', पाचव्यांदा. फिल्मी वाटतंय ना? वाटू दे. माझ्या आयुष्यात असे सीन फार येत नाहीत.

हे गाणं मला आधी भेटलं ते ट्रेलर्समध्ये. हॉलिवूडने ते गोडगोड सिनेमांसाठी इतकं घासलं, की २००५ मध्ये एका एडिटरने 'द शायनिंग' या भयपटाचा ट्रेलर हेच गाणं लावून चक्क फॅमिली ड्रामासारखा कापला. जाम हिट झाला तो! मीही मग या गाण्याला 'फील गुड' खात्यात टाकून मोकळी झाले. ते नक्की कशाबद्दल आहे, हे फार उशिरा कळलं. बॉस, ते काम सोडण्याबद्दल आहे!

'जेनेसिस' हा १९६७ मध्ये इंग्लंडच्या चार्टरहाऊस शाळेतल्या पोरांनी बनवलेला बँड. गॅब्रिएल त्याचा गायक. १९७२ मध्ये डब्लिनच्या स्टेजवर हा माणूस बायकोचा लाल ड्रेस आणि कोल्ह्याचं मुंडकं चढवून आला. बाकीच्यांना पत्ताच नाही! पुढे असे अवतार हीच बँडची ओळख झाली. १९७४ मध्ये 'द लॅम्ब लाइज डाऊन ऑन ब्रॉडवे' हा डबल अल्बम आला, लांबलचक टूर लागली. त्याच वर्षी त्याला मुलगी झाली आणि सुरुवातीचे दिवस तिच्यासाठी फार कठीण होते. बाप हॉस्पिटलमध्ये, बँड रेकॉर्डिंगला खोळंबलेला. कुरबुरी वाढल्या. जातोय, हे त्याने टूर चालू असतानाच सांगितलं, तरी १९७५ मध्ये टूर संपेपर्यंत गात राहिला. नोटीस पिरियड पूर्ण केला म्हणा ना!

वय किती? २५.

आता खरी गंमत. सगळ्यांना वाटलं, बँड संपला. तर ड्रमर फिल कॉलिन्सने माईक हातात घेतला आणि १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ब्रिटनमध्ये थेट तिसऱ्या नंबरावर! आपण सोडून गेल्यावर ऑफिस बंद पडेल असं वाटतं आपल्याला. पडत नाही. उलट मस्त चालतं. मला त्या रात्री पगारापेक्षा याचीच भीती जास्त होती, खोटं कशाला बोलू?

आणि मग १९७७ मध्ये याचा पहिला सोलो सिंगल आला, 'सोल्सबरी हिल'. बाथ शहराजवळची ही टेकडी २०० मीटरही उंच नाही, माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याच्या खुणा. गाण्यातला माणूस रात्री वर चढतो, त्याला एक आवाज बोलावतो, त्याची छाती धडधडते. बँडचं नावही नाही, कुणाला टोमणा नाही. ब्रिटनमध्ये गाणं १३व्या नंबरापर्यंत गेलं, अमेरिकेत फक्त ६८व्या.

लहानपणी आईने तबल्याच्या क्लासला घातलं होतं. त्या जोरावर सांगते, मात्रा मोजून बघा. सात! पॉप गाणी चारात बसतात, हे सातात चालतं. आपला रूपकही सात मात्रांचाच. आठवं पाऊल पडेल म्हणून तुम्ही वाट बघता, तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं. ध्रुवपदाच्या शेवटी तेवढं जरा चारात येतं, टेकायला. ती अस्वस्थता आणि तो आनंद, दोन्ही त्या सातात आहे असं माझं प्रामाणिक मत.

पुढचं भांडण मात्र झालंच नाही. १९८२ मध्ये गॅब्रिएलचा वोमॅड हा फेस्टिव्हल कर्जात बुडाला, तेव्हा जुना 'जेनेसिस' त्याच्यासाठी एका रात्रीपुरता मिल्टन कीन्सला पुन्हा स्टेजवर उभा राहिला. १९८६ मध्ये अमेरिकेत 'जेनेसिस'च्या 'इनव्हिजिबल टच'ला पहिल्या नंबरावरून हटवलं कुणी? गॅब्रिएलच्याच 'स्लेजहॅमर'ने! आणि मार्च २०२२ मध्ये लंडनला बँडचा शेवटचा शो झाला, तेव्हा हा प्रेक्षकांत बसला होता.

मी 'सेंड' दाबलं. बाबांचा पहिला प्रश्न, "पीएफचं काय?" पहिला फ्रीलान्स चेक यायला चार महिने लागले. परवा जुन्या टीममधल्या एकाचा फोन आला. म्हटलं, आठवण आली वाटतं! तर म्हणतो कसा, "अगं, त्या एक्सेल शीटचा पासवर्ड काय होता?"

सांगितला.