पहाटेचे विमान, नऊ माणसे आणि तीन खोल्या

सारंगखेड्याहून मुंबईचे विमानतळ धुळे-नाशिक मार्गाने सुमारे ४०० किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तरी आठ तास धरावेच लागतात, आणि कसारा घाट व भिवंडीच्या कोंडीचा भरवसा कोणी देत नाही. परदेशी जाणारे विमान पहाटे पाचचे असेल तर तीन तास आधी, म्हणजे रात्री दोन वाजता, विमानतळावर हजर राहायचे. घरून थेट निघून ही वेळ गाठण्याची हिंमत ज्याने एकदा केली, तो दुसऱ्यांदा करीत नाही. वाटेत एक टायर फुटला की सगळ्या तिकिटांचे पैसे पाण्यात. म्हणून आदली रात्र मुंबईत काढणे आलेच, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

हॉटेलवाल्याच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि फार तर एक लेकरू. आमच्या हिशेबात कुटुंब म्हणजे अम्मी, आम्ही दोघे, दोन मुलगे, सून, मुलगी आणि दोन नातवंडे. एकूण नऊ. छत्तीस पन्ह्याच्या कापडातून चोपन्न पन्ह्याचा कुर्ता बेतायला बसावे, तसे हे काम आहे. कापड वाईट नसते, कारागीरही वाईट नसतो, पन्हाच वेगळा असतो.

दोन वर्षांपूर्वी उमराहला निघालो तेव्हा हा धडा आम्ही रोख पैसे मोजून शिकलो. मुलाने मोबाईलवर विमानतळाजवळचे एक हॉटेल पाहिले आणि दोन खोल्या नोंदविल्या. "जादा गादी देतात, जमून जाईल," असे तो म्हणाला. मीही मान डोलावली. दुकानात ग्राहकाला मी वार न मोजता कापड फाडून देत नाही, पण तेथे मी काहीच मोजले नाही. रात्री साडेदहाला आम्ही पोहोचलो. काउंटरवरच्या तरुणाने नम्रपणे डोकी मोजली. सात मोठी माणसे, एक नातू सात वर्षांचा, एक नात तीन वर्षांची. एका खोलीत तीनच मोठी माणसे चालतील आणि सात वर्षांच्या मुलालाही जागा लागेल, असे त्याने सांगितले. तिसरी खोली घ्यावी लागली. ती ऐनवेळच्या भावाने मिळाली, म्हणजे आधी नोंदविलेल्या खोलीच्या जवळजवळ दीडपट. शिवाय दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर आणि तिसरी पाचव्यावर.

पैसे गेले याचे दुःख एका रात्रीपुरते असते. पुढचा प्रकार जास्त वाईट होता. पाचव्या मजल्यावर अम्मी आणि मुलगी झोपल्या. दीड वाजता निघायचे ठरले होते. त्या हॉटेलची लिफ्ट खोलीचे कार्ड लावल्याशिवाय वर जात नव्हती आणि आमचे कार्ड फक्त दुसऱ्या मजल्याचे. मुलीचा मोबाईल बंद पडलेला. खोलीतला फोन वाजत राहिला, पण दिवसभराच्या प्रवासाने थकलेली माणसे उठली नाहीत. काउंटरवर रात्री एकच माणूस, आणि तो दुसऱ्या पाहुण्यांचा हिशेब करीत बसलेला. त्याला घेऊन वर जाऊन दार वाजवून अम्मींना खाली आणेपर्यंत पाऊण तास गेला. त्यात टॅक्सी एकच आली. विमानतळावर रांगेत उभे राहिलो तेव्हा अर्धे प्रवासी आत गेलेले होते. काउंटर बंद होण्याच्या आत कसेबसे पोहोचलो, पण बसायला जागा मिळाल्या त्या नऊ ठिकाणी विखुरलेल्या. ७८ वर्षांच्या अम्मी अनोळखी माणसांच्या मधे बसून जेद्दापर्यंत गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र आजही त्याची शरम वाटते.

हॉटेलवाल्याची बाजूही पाहिली पाहिजे. खोलीत माणूस वाढला की पाणी वाढते, चादर-टॉवेलची धुलाई वाढते, नाश्ता वाढतो. प्रत्येकाचे ओळखपत्र नोंदवावे लागते आणि आग लागली तर किती माणसे आत आहेत हे त्याला माहीत असावे लागते. त्याने नियम लावला यात गैर नव्हते. नियम आधी विचारला नाही, ही चूक आमची.

पूर्वी मुंबईत हा हिशेब उलटा होता. हजला जाणारे लोक जहाजाने जात. मोगल लाइनची जहाजे मुंबईच्या बंदरातून जेद्दाला निघत आणि समुद्रमार्गाने हजचा प्रवास १९९५ पर्यंत चालू होता. जहाजाच्या काही दिवस आधीच खेड्यापाड्यांतून लोक मुंबईत येऊन मुक्काम करीत. त्यांच्यासाठी दानशूर व्यापाऱ्यांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतलाच. तेथे मोठी दालने असत आणि एक कुटुंब एका कोपऱ्यात आपले बिछाने अंथरून राहत असे. सामान मध्यभागी, म्हातारी माणसे भिंतीकडे, मुले आत. दहा माणसे असोत की बारा, ती एकमेकांच्या नजरेसमोर असत.

त्याच्याही मागे जायचे तर आपल्याच तापीकाठी जावे लागेल. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबारवरून होता. १६१५ साली इंग्लंडचा वकील सर थॉमस रो याच वाटेने गेला. बुऱ्हाणपुरात जहांगीर बादशहाच्या काळात अब्दुर्रहीम खानखाना यांनी बांधविलेल्या अकबरी सराईची इमारत आजही उभी आहे. मधे मोठा चौक, भोवती खोल्यांच्या ओळी. काफिला आला की चौकात जनावरे आणि माल, खोल्यांत माणसे. सराईत काफिल्याचा विचार होता, एकट्यादुकट्याचा नंतर. आमच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीच्या यात्रेला घोडेबाजार भरतो, तेव्हा हेच पाहायला मिळते. लांबलांबचे घोड्यांचे व्यापारी येतात, तंबू ठोकतात, आणि तंबूत किती माणसे झोपली हे कोणी मोजायला येत नाही.

आज हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची मुंबईतील व्यवस्था हज हाऊसमध्ये होते. पण उमराहला, मुलाकडे दुबईला किंवा मालाच्या खरेदीसाठी स्वतःच्या तिकिटावर जाणाऱ्याला आपली सोय आपणच पाहावी लागते.

आणि येथे सरकारचा करही खोलीच मोजतो, डोकी मोजत नाही. ही गोष्ट व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वर गेलात की १८ टक्के. आता समजा, सहा माणसांची एक मोठी खोली ९,००० रुपयांना मिळाली. तिच्यावर कर १,६२० रुपये. त्याच सहा माणसांसाठी ४,५०० च्या दोन खोल्या घेतल्या तर भाडे तेवढेच, पण कर दोन्हींचा मिळून ४५० रुपये. एकत्र राहायचे म्हणून १,१७० रुपये जास्त! जादा पलंगाचे पैसेही खोलीच्याच किमतीत धरले जातात. ७,२०० च्या खोलीत ८०० रुपयांचा पलंग टाकला की रक्कम ८,००० होते आणि कर ३६० वरून १,४४० वर जातो. म्हणजे ८०० रुपयांचा पलंग १,८८० ला पडला. तेव्हा भाव विचारताना "करासहित, पलंगासहित, एकूण किती" एवढेच विचारावे. कौटुंबिक प्रवासाचे बिल दुकानाच्या नावावर फाडून कर वळता करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तो खर्च धंद्याचा नाही.

खोलीचा दिवसही आपल्या उपयोगाचा नसतो. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-बाराला सोडायची असते. आपण रात्री दहाला पोहोचतो आणि दीडला निघतो. पैसे २२ तासांचे, झोप तीन तासांची. नाश्ता फुकट असे लिहिलेले असते, पण तो सकाळी सातला सुरू होतो आणि तेव्हा आपण समुद्रावर असतो. नाश्ता वगळून भाव किती, हे विचारायला लाजू नये. आमच्याकडची माणसे दोंडाईचा किंवा नंदुरबारहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत उतरली तर त्याच खोलीचा पुरा उपयोग होतो. दुपारी खोली घ्यावी, अंघोळ-जेवण करून झोपावे, रात्री एकला ताजेतवाने निघावे. मात्र गाडी आपल्या तारखेला आहे का, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी पाहावे. खान्देश एक्सप्रेस रोज धावत नाही.

माणशी भाव लावणारी नवी सोयही निघाली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेल्वेने झोपण्याच्या छोट्या कप्प्यांचे हॉटेल सुरू केले. त्यात ४८ कप्पे आणि १२ तासांचा सुरुवातीचा भाव ९९९ रुपये होता. एकट्या व्यापाऱ्याला हे उत्तम. पण कप्पे एकावर एक असतात. गुडघे धरलेल्या अम्मींना शिडी चढायला कोण सांगणार, आणि तीन वर्षांची मुलगी त्यात एकटी कशी झोपणार?

माझ्या मते मोठ्या कुटुंबाने विमानतळाशेजारचा हट्टच सोडावा. आपण कापडवाले मूलजी जेठा आणि मंगलदास मार्केटला खरेदीसाठी जातो. तेथून क्रॉफर्ड मार्केट, महंमद अली रोड, डोंगरीपर्यंतच्या गल्ल्यांत लॉज आहेत. ते बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठीच उभे राहिले. चार-चार, पाच-पाच पलंगांच्या खोल्या तेथे अजून मिळतात. दिमाख नाही, जिना अरुंद असतो, पण रात्री बाराला गरम जेवण मिळते आणि माणसे एका मजल्यावर राहतात. विमानतळ तेथून सुमारे २५ किलोमीटर. दिवसा हा रस्ता जीव खातो, रात्री एक वाजता तासाच्या आत पार होतो. भूमिगत मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि ती विमानतळाखालून जाते, पण ती रात्री धावत नाही. पहाटेच्या विमानाला टॅक्सीच लागणार, नऊ माणसे आणि सामान म्हणजे दोन मोठ्या गाड्या, आणि त्या संध्याकाळीच ठरवून ठेवायच्या.

ज्यांना विमानतळाजवळच राहायचे आहे त्यांनी टर्मिनल आधी पाहावे. परदेशी विमाने सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटतात, टर्मिनल एक सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे आहे. दोघांमध्ये चांगलेच अंतर आहे आणि "एअरपोर्टजवळ" ही पाटी दोन्हीकडे लागते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही चालू झाले आहे. तिकिटावर मुंबई वाचून अंधेरीत खोली घेतली आणि विमान उलव्याहून निघाले, तर रात्रभर रडायची पाळी. हॉटेलशी फोनवर बोलून झाले की तेच लेखी मागवावे. किती मोठे, किती लहान आणि कोणत्या वयाचे, खोल्या एकाच मजल्यावर की नाही, मधले दार आहे का, जादा पलंग म्हणजे पलंग की जमिनीवरची गादी, रात्री एकला गाडी कोण देणार. लेखी उत्तर न देणारा हॉटेलवाला आणि नमुना न दाखवणारा गिरणीवाला, दोघांशी मी सौदा करीत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या जागा कुर्ला, साकीनाका, मरोळ भागात आहेत त्यांनी या गोष्टीकडे धंदा म्हणूनही पाहावे. आठ पलंगांचे एक दालन, मधे पडदा, दोन स्वच्छ न्हाणीघरे, संध्याकाळी सातपासून रात्री दोनपर्यंतचा एक भाव आणि त्यातच विमानतळापर्यंत गाडी. महापालिकेचा परवाना आणि आगीपासून बचावाची व्यवस्था मात्र आधी. गिऱ्हाईक दर आठवड्याला खान्देश-मराठवाड्यातून येतेच आहे. मुसाफिरखाना व्यापाऱ्यांनी सवाबासाठी बांधला होता. रास्त भाव घेऊन चालवला तरी लोक दुवाच देतील.

यंदा धाकट्या मुलीला दुबईला पोहोचवायला आम्ही पुन्हा नऊजण निघालो. विमान पहाटे सव्वापाचचे होते. क्रॉफर्ड मार्केटमागच्या एका लॉजमध्ये पाच पलंगांची खोली आणि तिला लागून तीन पलंगांची खोली, असे आधी लिहून घेतले होते. सर्वांत धाकटी नात अम्मींच्या कुशीत झोपली. रात्री सव्वाला अम्मींनीच आम्हाला उठविले. दोन्ही गाड्या खाली उभ्या होत्या. दोनला दहा कमी असताना आम्ही टर्मिनल दोनच्या दारात होतो आणि काउंटर उघडायला अजून वेळ होता. अम्मींनी पिशवीतून दशम्या आणि लसणाची चटणी काढली, आणि सामानाच्या गाड्यांना टेकून आम्ही नऊजण तेथेच जेवलो.