नाउरू : खणलेले पठार आणि पाण्याचा प्रश्न

पॅसिफिक महासागरातील नाउरू हे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेले, अवघ्या २१ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे प्रवाळबेट होय. भूमी, पाणी आणि वस्ती यांचे प्रश्न तेथे परस्परांत इतके गुंतलेले आहेत की, एकास वगळून दुसऱ्याचा विचार करता येत नाही.

किनाऱ्यालगत अरुंद सखल पट्टी आणि मध्यभागी चुनखडकाचे पठार, अशी या बेटाची रचना आहे. पठारावरील सुळक्यांमधल्या पोकळ्या उच्च प्रतीच्या फॉस्फेटने भरलेल्या होत्या. १९०७ च्या सुमारास त्याचे खनन सुरू झाले आणि त्यापासून बनलेले खत मुख्यत्वे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेतांत पडले. १९६८ साली नाउरू स्वतंत्र झाले व पुढे खाणीही त्याच्या ताब्यात आल्या. तथापि खनन थांबले नाही. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग आज मातीविना उभ्या असलेल्या सुळक्यांनी व्यापला आहे. पूर्वीच्या हानीबद्दल नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १९९३ मध्ये तडजोड होऊन १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरले. परंतु पठार पूर्ववत झाले नाही.

पाण्याची स्थितीही अशीच नाजूक आहे. बेटावर नदी नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र खडकात मुरते आणि अधिक घनतेच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा थर होऊन तरंगते. सर्वसाधारण नियम असा की, या थराची वरची पातळी १ सेंटिमीटर उतरली, तर खालची सीमा कालांतराने सुमारे ४० सेंटिमीटर वर सरकते. नाउरूत हा थर मुळातच पातळ व तुटक असून ला निनाच्या वर्षी तेथे अवर्षण पडते. शिवाय ज्या खडकातून पाऊस मुरतो, त्यातूनच घरोघरच्या मैल्याच्या खड्ड्यांतील पाणीही झिरपते व विहिरी दूषित होतात. यास्तव पावसाच्या साठवणीखेरीज समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्या यंत्रांना वीज लागते.

बहुतेक वस्ती सखल किनारपट्टीवर आहे. समुद्राची पातळी वाढत असल्यामुळे ती उंचावर हलविण्याची योजना तेथील शासनाने आखली आहे. परंतु उंच जागा म्हणजे हेच खणलेले पठार. त्याचे पुनर्वसन हा म्हणूनच केवळ गतकालीन हानीचा परिहार नव्हे. वस्ती टिकण्याची ती पूर्वअट आहे. सुळके सपाट करून घरे बांधली आणि सांडपाण्याची व्यवस्था मात्र पूर्वीचीच राहिली, तर किनाऱ्यावरील दूषण पठाराखालील उरल्यासुरल्या गोड्या पाण्यापर्यंतही पोहोचेल.