खोकताना लघवी सुटणे : शस्त्रक्रियेचे पर्याय

खोकताना, शिंकताना अथवा कापसाचे गाठोडे उचलताना नकळत लघवी सुटणे, हा त्रास वऱ्हाडातील अनेक माताभगिनी मुकाट्याने सोसतात. केस-पेपर काढताना तो सहसा सांगितला जात नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास केवळ या विकाराचा नव्हता. मौन मात्र तेच आहे.

बाळंतपणात मूत्रमार्गाचा खालचा आधार सैल पडतो व पोटावर दाब येताच मार्ग मिटून राहत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम किमान तीन महिने नेटाने केल्यास अनेकींना शस्त्रक्रिया लागतच नाही. पुढे मूल हवे असल्यास ती सहसा लांबणीवर टाकतात.

शस्त्रक्रिया मुख्यत्वे तीन. डॉ. बर्च यांच्या १९६१ च्या पद्धतीत मूत्रमार्गालगतचा भाग टाके घालून वर उचलून धरतात. दुसरीत रुग्णेच्याच पोटाच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी काढून मूत्रमार्गाखाली झोळी करतात. त्यानंतर काहींना लघवी उतरण्यास त्रास होतो व काही काळ नळी ठेवावी लागते. तिसरी, स्वीडनचे डॉ. उल्मस्टेन यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली कृत्रिम जाळीची पट्टी. छेद लहान, मुक्काम थोडा.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या हिशेबात जाळी विकत घ्यावी लागली तरी खाट लवकर रिकामी होते, म्हणून तिचेच पारडे जड दिसते. परंतु ती शरीरात कायम राहते. काही स्त्रियांमध्ये उघडी पडते, दुखते आणि काढणे कठीण होते. याच तक्रारींमुळे इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून तिच्या वापरावर कडक निर्बंध आले. म्हणून देणगीतून खर्च भागतो, एवढ्याच कारणास्तव ती निवडली जाऊ नये, असे विश्वस्तांपुढे माझे नम्र मत आहे. अकोला-अमरावतीकडील आप्तमंडळी ‘तुम्हीच ठरवा, साहेब’ म्हणून यजमानांची सही पुढे करतात. सही रुग्णेचीच हवी, तीही जोखीम मराठीत समजावून सांगितल्यावर.

तपासणीस येण्यापूर्वी तीन दिवस पाणी किती प्याले, लघवीस किती वेळा गेले, केव्हा सुटली, हे वहीत लिहून आणावे. लिहिता येत नसल्यास लेकी-सुनांनी लिहून द्यावे. घाई होऊन लघवी सुटणे हा निराळा विकार आहे. त्यास या शस्त्रक्रियांचा उपयोग नाही, आणि तो फरक बहुधा या वहीतूनच प्रथम ध्यानात येतो.