लपणारा बिघाड आणि हमीचा कागद

हिवताप आपल्याला नवा नाही. संध्याकाळी माणूस थंडीने कुडकुडतो, चार गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जात नाही. सकाळी तोच माणूस उठून शेतावर जायला निघतो. दवाखान्यात न्यावे, तर अंग गार. डॉक्टर म्हणतात, "आत्ता तर ताप नाही." म्हणून तो माणूस बरा झाला काय? नाही. ताप आत लपलेला असतो. तो पुन्हा येणार.

यंत्रालाही असाच रोग होतो. घरी बिघडते आणि दुरुस्तीवाल्यापुढे ठेवले की निमूट चालते. मोटारपंपाचे असे होते, मोबाइलचे होते आणि लॅपटॉपचेही होते. हा लपणारा बिघाड पकडायचा कसा, आणि हमीच्या मुदतीत त्याची फुकट दुरुस्ती मिळवायची कशी, ते या पाठात पाहू.

एका घरातली गोष्ट

आमच्या साक्षरता वर्गाला एक भाऊ येत. वय पन्नाशीच्या घरातले. दोन एकर कोरडवाहू जमीन. त्यांची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते. अभ्यासाला लॅपटॉप लागतो, म्हणून भाऊंनी सोयाबीनच्या पैशातून नवा लॅपटॉप घेतला. एका वर्षाची हमी होती. हमीला आपण बोलताना गॅरंटी म्हणतो, कागदावर बहुधा वॉरंटी असे लिहिलेले असते.

दहा महिने बरे गेले. मग काम करता करता पडदा एकदम काळा होऊ लागला. बटण दाबून धरले, थोडा वेळ थांबले, की पुन्हा सुरू. मुलीने लिहिलेले पान मात्र जाई.

भाऊ लॅपटॉप घेऊन जिल्ह्याच्या गावी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. जाण्यायेण्यात दिवस मोडला. रोजगार बुडाला. तिथल्या मुलाने लॅपटॉप दहा मिनिटे चालवून पाहिला.

"काका, यात काही नाही. चांगला चालतोय की!"

"साहेब, घरी बंद पडतो हो."

"मग तुमच्या घरची लाइट कमीजास्त होत असेल."

भाऊ परत आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा तेच उत्तर. हमीचे आता पाच आठवडे उरले होते. मुदत संपली असती तर दुरुस्तीचा सगळा खर्च भाऊंच्या माथी बसला असता. आतला मुख्य भाग, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, तो बदलायचा तर हजारो रुपये लागतात.

बिघाड लपतो कसा?

सेंटरमधला मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याच्यापुढे लॅपटॉप खरोखरच चालत होता. मग असे का होते?

लॅपटॉपच्या आत एक पातळ पाटी असते. तिच्यावर बारीक बारीक भाग डाख देऊन बसवलेले असतात. यंत्र चालू झाले की ते भाग तापतात. तापलेली वस्तू थोडी फुगते, गार झाली की आकसते. बैलगाडीच्या चाकाची धाव लोहार तापवूनच चढवतो, ते याच कारणाने. रोज तापून आणि गार होऊन एखाद्या डाखाला केसासारखी बारीक चीर पडते. यंत्र गार असताना चिरेच्या दोन्ही बाजू चिकटून असतात, वीज वाहते. तापल्यावर त्या सुटतात, वीज तुटते. गार झाले की पुन्हा चिकटतात.

म्हणून दहा मिनिटांच्या तपासणीत असा बिघाड दिसत नाही. कधी पडद्याकडे जाणारी तार बिजागरीपाशी सैल झालेली असते. मग पडदा ठरावीक जागी उघडला तरच बिघाड दिसतो. कधी बॅटरी कमजोर असते, कधी चार्जरची पिन ढिली असते. बिघाडाच्या येण्याला काहीतरी कारण असतेच. ते कारण शोधणे हे आपले पहिले काम.

असा दोष एका माणसाच्याच नशिबी येतो असेही नाही. २००८ सालच्या जुलै महिन्यात एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने स्वतः जाहीर केले होते, की लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या आपल्या काही चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत. चिपांच्या बांधणीत वापरलेला माल कमजोर निघाला होता. त्या खर्चासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. मग काही लॅपटॉप कंपन्यांनी त्या त्या लॅपटॉपची हमी वाढवून दिली. तेव्हा आपल्या लॅपटॉपची मुदत संपलेली असली, तरी "या नमुन्यासाठी कंपनीने हमी वाढवली आहे का?" हे एकदा विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

वही ठेवा

भाऊंनी आम्हांला सगळे सांगितले. आम्ही म्हणालो, "भाऊ, एक चाळीस पानी वही घ्या. ताप आला की डॉक्टर तक्ता लिहितात ना? तसा लॅपटॉपचा तक्ता लिहा."

मुलीने वहीत रकाने पाडले. तारीख. वेळ. किती वेळ चालल्यावर बंद पडला. कोणते काम चालले होते. चार्जर लावला होता की नव्हता. कोणत्या जागी. पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला.

तिने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. एक दिवस चार्जर काढून केवळ बॅटरीवर चालवला, तरी बंद पडला. म्हणजे चार्जरचा दोष नव्हे. एक दिवस कॉलेजच्या वाचनालयात पंख्याखाली चालवला, तिथेही बंद पडला. म्हणजे घरच्या लाइटचा दोष नव्हे, आणि पत्र्याच्या घरातल्या उकाड्याचाही नव्हे. एकदा तार लावून कॉलेजातल्या मोठ्या पडद्याला जोडला. दोन्ही पडदे एकदमच काळे झाले. लहान काळा झाला आणि मोठ्यावर चित्र राहिले असते, तर दोष पडद्यात किंवा त्याच्या तारेत असण्याचा संभव होता. दोन्ही गेले, म्हणजे दोष बहुधा आत.

दोन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. त्यांतल्या ९ वेळा लॅपटॉप अर्ध्या तासाहून जास्त चालल्यावरच बंद पडला होता. भाऊंनी वही पाहिली आणि म्हणाले, "आत्ता कळलं. तो दहा मिनिटं बघतो, आणि हा पाऊण तासानं आजारी पडतो!"

चित्र काढून ठेवा

वहीला जोड म्हणून मोबाइलवर चलचित्र, म्हणजे व्हिडिओ, घ्यावा. त्याची रीत अशी. आधी लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा अनुक्रमांक दाखवावा. प्रत्येक यंत्राचा तो नंबर वेगळा असतो. मग तारीख आणि वेळ दाखवावी. मग बिघाड होईपर्यंत मोबाइल बंद न करता घेत राहावे. मध्ये तोडलेले चित्र पाहून कोणी शंका काढू शकतो. सलग चित्रावर शंका घेणे अवघड जाते.

पडदा काळा झाला तरी आतला पंखा फिरतो का, दिवे लागलेले राहतात का, तेही पाहावे. काही लॅपटॉप ठरावीक वेळा दिवा मिचकावून किंवा आवाज करून आपले दुखणे सांगतात. ते मोजून लिहावे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुरू करतेवेळी एक कळ दाबली की यंत्र स्वतःची तपासणी करते. कंपनीगणिक कळ वेगळी असते. तपासणीत चूक दाखवणारा आकडा आला, तर त्याचा फोटो काढावा.

एक गोष्ट मात्र करू नये. लॅपटॉप स्वतः खोलू नये आणि ओळखीच्या कारागिराकडूनही खोलवू नये. "बाहेर उघडला" म्हणून कंपनी हमी नाकारू शकते. पडून फुटलेले, पाणी गेलेले, उंदराने कुरतडलेले यंत्र बहुतेक हमीत बसत नाही. तसे आपल्या हातून झाले असेल तर खोटे सांगू नये. एक खोटे सापडले की आपले खरेही कोणी ऐकत नाही.

सही करण्याआधी वाचा

भाऊ तिसऱ्यांदा निघाले, तेव्हा मुलीने लॅपटॉपमधले सारे काम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. दुरुस्तीत आतले लिखाण पुसले जाऊ शकते. भाऊंनी खरेदीचे बिल, हमीचा कागद आणि वही बरोबर घेतली. बिल आणि हमीच्या कागदाची झेरॉक्स दिली, मूळ कागद जवळ ठेवले.

सेंटरमध्ये यंत्र देताना एक पावती बनते. तिला जॉबशीट म्हणतात. त्या मुलाने आधीच्या दोन वेळच्या जॉबशीट काढून दाखवल्या. खाली भाऊंची सही होती. वर काय लिहिले होते? "दोष आढळला नाही. ग्राहकाचे समाधान झाले."

भाऊ थबकले. दोन्ही वेळा त्यांनी न वाचता सही केली होती. त्यांनी आम्हांला नंतर सांगितले, "अंगठा लावत होतो तोवर ठीक होतं. आता वाचता येतं, तरी वाचलं नाही. माझी मलाच लाज वाटली."

या वेळी मुलाने नवी जॉबशीट पुढे केली. तीवर "चालू होत नाही" एवढेच होते. भाऊंनी बोट ठेवून सावकाश वाचले.

"साहेब, हे बरोबर नाही. चालू होतो. तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी बंद पडतो. तसं लिहा. ही तिसरी खेप आहे, तेही लिहा. वहीची नक्कल सोबत जोडा. आणि दोन तास चालवून बघा, मी बसतो."

"काका, दोन तास कोण बसणार?"

"मी बसणार. माझा दिवस मोडलाच आहे."

मुलगा हसला. वही चाळून पाहिली आणि लॅपटॉप चालू करून ठेवला. सत्तेचाळीस मिनिटांनी त्याच्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. मग बोलणेच उरले नाही. जॉबशीटवर दोष लिहिला गेला. बारा दिवसांनी मदरबोर्ड बदलून लॅपटॉप परत मिळाला. खर्च काही नाही. घेताना भाऊंनी तोही कागद वाचला. कोणता भाग बदलला आणि कोणत्या तारखेला, ते लिहिले आहे याची खात्री केली आणि मगच सही केली.

तरीही ऐकले नाही तर?

भाऊंचे काम सेंटरमध्येच झाले. सगळ्यांचे होईलच असे नाही. मग पुढच्या पायऱ्या चढाव्या.

पहिली पायरी कंपनीची. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन किंवा ईमेल करावा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. हे हमीची मुदत संपण्याआधी करावे. मुदतीच्या आत तक्रार नोंदलेली असली की आपली बाजू भक्कम राहते.

दुसरी पायरी सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिचा नंबर १९१५. या फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही. ती आपली तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहकांसाठी आपल्या देशात १९८६ साली कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी दूरच्या शहरातली असली म्हणून तिकडे जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दोष ठरला तर दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत किंवा भरपाई, असा हुकूम होऊ शकतो.

पोटापाण्यासाठी स्वतः लॅपटॉप वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहकच आहे. शिवणकामाचा हिशेब ठेवणारी ताई असो की फॉर्म भरून देणारा तरुण, त्यालाही हा हक्क आहे.

या सगळ्या पायऱ्यांवर विचारतात एकच गोष्ट, "कागद आहे का?" बिल, हमीपत्र, जॉबशीट, वही. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते.

भाऊंच्या घरी ती चाळीस पानी वही अजून आहे. मागच्या पानांवर आता मोटारपंपाच्या नोंदी सुरू झाल्या आहेत. पंप कधी बंद पडला, किती वाजता, किती वेळ चालल्यावर. त्या नोंदी भाऊ स्वतःच्या हाताने लिहितात. अक्षर अजून वाकडे येते, पण तारीख चुकत नाही.

लक्षात ठेवा

१. बिघाड कधी, कुठे, किती वेळाने होतो, ते वहीत लिहा.
२. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा.
३. यंत्राच्या नंबरासह सलग व्हिडिओ घ्या.
४. यंत्र बाहेर खोलू नका. आतले काम आधी उतरवून घ्या.
५. बिल जपा. प्रत्येक खेपेला जॉबशीट मागून घ्या.
६. वाचल्याशिवाय सही करू नका.
७. हमी संपण्याआधी तक्रार नोंदवा. अडले तर १९१५ ला फोन करा.