फिल्टर घेण्याआधी इंजिनाची पाटी वाचा

अमेरिकेतील मोठ्या डिझेल मोटरहोमला सहसा तीन निर्माते असतात: घर बांधणारा एक, फ्रेटलायनर किंवा स्पार्टनसारखा चॅसिसवाला दुसरा आणि कमिन्स किंवा, जुन्या गाड्यांत, कॅटरपिलरसारखा इंजिनवाला तिसरा. त्यामुळे गाडीचे नाव आणि वर्ष सांगून फिल्टर मागणे धोक्याचे. यंदाच्या गाडीत आदल्या वर्षीचे इंजिन असू शकते. ऑइल आणि डिझेल फिल्टरचा खरा पत्ता इंजिनावरच्या पाटीवर असतो. कमिन्सच्या पाटीवरील अनुक्रमांक आणि सीपीएल (पार्टयादीच्या) क्रमांकावरून नेमका पार्ट नंबर मिळतो. एअर फिल्टरची बसवणूक मात्र चॅसिसप्रमाणे बदलते. त्याचा क्रमांक जुन्या फिल्टरवर शोधावा.

आटे जुळले, वॉशर घट्ट बसला, मग अडचण काय, असे कोणी विचारेल. आटे फक्त फिल्टर बसेल एवढेच सांगतात. फिल्टर तुंबल्यावर तेलाला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह आत असेल, तर तो किती दाबाला उघडतो, हे बाहेरून दिसत नाही. नुसत्या ‘10 मायक्रॉन’वरही भिस्त ठेवू नये. त्या आकाराचे निम्मे कण अडवणारा बीटा 2 आणि 98.7 टक्के अडवणारा बीटा 75, या दोन्ही फिल्टरांवर तोच आकडा असू शकतो. मग सर्वांत बारीक गाळणारा घ्यावा का? तोही नको, गरजेपेक्षा बारीक फिल्टर लवकर तुंबतो आणि इंजिनाचे इंधन तोडतो. इंजिन निर्मात्याचे निकष पूर्ण करणारा फिल्टर दुसऱ्या ब्रँडचा असला तरी चालेल. ब्रँडपेक्षा निकष महत्त्वाचे.