वस्तुसंग्रहालयात पाय का दुखतात?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेतली पंचवीस मुले घेऊन मी एक वस्तुसंग्रहालय पाहावयास गेलो होतो. कोणते ते सांगत नाही. तासाभरात निम्मी मुले बाहेरच्या पायरीवर येऊन बसली. रोज कोसभर चालत शाळेला येणारी ही पोरे, आणि इथे म्हणे पाय दुखतात! मी त्यांना रागे भरलो. ते चुकलेच माझे.

हा शीण अमेरिकेतील बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी फार पूर्वी ओळखला होता. १९१६ साली त्यांनी त्यावर एक लेखच लिहिला. त्यांची युक्ती मोठी साधी. चांगल्या नजरेच्या एका समंजस माणसाला त्यांनी मांडलेल्या वस्तूंविषयी सोपे प्रश्न घातले, आणि उत्तर शोधताना त्याला जसे उभे राहावे लागले तसे त्याचे फोटो काढले. त्या फोटोंत हे गृहस्थ कुठे कमरेत वाकले आहेत, कुठे अगदी खाली बसून डोकावताहेत. पाहणे राहिले बाजूला, ही तर तालीमच झाली! असे कष्ट माणूस घटकाभर करतो. मग वरवर नजर टाकीत पुढे सरकतो. गिलमन यांनी दोष दिला तो कपाटांना आणि मांडणीला.

आजकाल 'डिझाइन थिंकिंग' असा शब्द तुमच्या कानावर आला असेल. नाव भारदस्त आहे, पण भिऊ नका. जू करणारा सुतार आधी बैलाची मान पाहतो आणि मगच लाकडाला हात घालतो, त्यातलाच हा प्रकार. वापरणाऱ्याची अडचण पाहायची, स्वस्तातला नमुना करायचा, तो वापरून बघायचा, चुकला तर बदलायचा. यात पाहणे सर्वांत अवघड. अभिप्रायाच्या वहीत आपण सगळेच 'फार छान' असे लिहून मोकळे होतो. खरे काय ते मान आणि गुडघे सांगतात.

कधी अडचण कपाटाच्याही अलीकडची असते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांना खुले आहे, पण लांबच्या खेड्यातल्या मुलाने तिथवर जावे कसे? म्हणून २०१५ साली त्या संस्थेने एका बसमध्येच प्रदर्शन मांडले आणि ती बस शाळांच्या दारी नेली.

शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्या शाळेतही जुनी नाणी, पायली, शेर, एखादा कंदील असेलच. ते टेबलावर मांडा आणि एकेका मुलाला आत सोडा. तुम्ही मात्र कोपऱ्यात गप्प उभे राहा. (आम्हां मास्तर लोकांना हे जमणे कठीणच!) पोर टाचा उंचावते कुठे, चिठ्ठी न वाचता वळते कुठे, एवढेच टिपा. मग टेबल बसके घ्या, चिठ्ठी बदला. 'पायली : धान्य मोजण्याचे माप' हे वाचायला कोण थांबेल? त्याऐवजी लिहा, 'यात किती शेर ज्वारी मावेल?' आणि पायली काचेआड ठेवू नका. शेजारी शेर आणि टोपलीभर ज्वारी ठेवा, म्हणजे पोरे मोजून बघतील. थोडी ज्वारी सांडेल, ती सांडू द्या.