देवासारखा धावून आला...

‘अगदी देवासारखे धावून आलात हो!’ हे वाक्य आपल्या तोंडी इतके रुळले आहे की त्यातला ‘सारखे’ हा शब्द आता आपल्याला ऐकूही येत नाही. अडल्या वेळी मदतीला आलेला माणूस देव नसतो, देवासारखा असतो. पण तो आला कुठून आणि गेला कुठे हे कळले नाही, की मग ‘सारखा’ गळून पडतो आणि मागे उरतो तो देवच.

आपल्या पाठीशी कुणीतरी आहे, ही श्रद्धा जगभर आढळते. कॅथलिक ख्रिस्ती लोक २ ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा सण पाळतात. आमच्या तळकोकणात आणि गोव्यात त्या जागी राखणदार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन तो रात्री गावाच्या शिवेवर फिरतो, वाट चुकलेल्याला वाटेला लावतो. माझी आजी काळोखात बाहेर पडायची ती त्याला मनोमन हाक मारूनच.

दामाजीपंतांची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली. शिक्षा अटळ होती. तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेतले आणि बीदरच्या दरबारात धान्याची रक्कम चुकती केली. लहानपणी मला यातला चमत्कार आवडायचा. आता वाटते, कथा सांगणाऱ्यांनी देवाला रूप दिले ते कुणाचे? ज्याची सावलीसुद्धा त्या काळचा समाज अंगावर पडू देत नव्हता, त्याचे!

या झाल्या श्रद्धेच्या गोष्टी. पण देवभोळे म्हणता येणार नाहीत अशा माणसांनाही हा अनुभव आला आहे. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या अर्नेस्ट शॅकल्टनचे जहाज १९१५ मध्ये बर्फात बुडाले. मागे अडकलेल्या साथीदारांसाठी मदत आणायला मे १९१६ मध्ये तो आणि त्याचे दोन सोबती साउथ जॉर्जिया बेटावरचे बर्फाळ डोंगर सुमारे छत्तीस तासांत ओलांडून गेले. आपण तिघे नसून चौघे चालत आहोत, असे त्याला वाटेत वारंवार वाटत राहिले. नंतर त्या दोघांनीही तेच सांगितले. १९३३ साली एव्हरेस्टवर सुमारे २८ हजार फुटांवर एकटाच असलेल्या फ्रँक स्माइथने खाऊच्या वडीचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा देण्यासाठी तो मागे वळला. मागे कुणीच नव्हते.

शास्त्रज्ञांनी याचाही माग काढला आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टर एका अपस्माराच्या रुग्ण तरुणीची तपासणी करीत होते. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, की तिला आपल्या मागे कुणाची तरी सावली असल्याचे जाणवे. दमलेला, भेदरलेला मेंदू स्वतःच सोबती निर्माण करीत असावा, असे मानायला यामुळे जागा आहे.

पण सावली दंड धरून ओढत नाही. मला ओढले होते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. कुर्ल्याजवळ मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते. दिवे गेलेले. एकाएकी कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला खेचले. ‘‘मावशी, तिकडं झाकण नाय. बांबूच्या मागनं चला.’’ हातात बांबू घेतलेला एक मुलगा होता. त्याने मला उड्डाणपुलाच्या चढापर्यंत आणून सोडले. मी पदर पिळून वर पाहते तो तो नाहीसा झालेला!

घरी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. ‘‘दत्तगुरूच आले हो तुझ्यासाठी!’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी वाद घातला नाही. पण मनात एक बोच राहिली. त्या दिवशी शेकडो माणसे गेली. त्यांच्या घरीही देवापुढे दिवा लागत असेलच. माझ्यासाठी दत्तगुरू आले म्हणायचे, तर त्यांच्यासाठी का आले नाहीत, याचे उत्तर मी कुणाला काय देणार होते?

पंधरवड्याने त्या रस्त्यावर जाऊन मी चौकशी केली. चहावाला हसला. ‘‘कोणता पोरगा सांगू, ताई? त्या रात्री वस्तीतली सगळीच पोरं पाण्यात होती.’’ त्यांच्या स्वतःच्या झोपड्यांत तेव्हा छातीएवढे पाणी होते.

सासूबाईंची श्रद्धा मला मोडायची नव्हती, आजही नाही. संकटात ती माणसाला उभे ठेवते. पण साखर देवापुढे ठेवून आपण मोकळे होतो आणि बांबू धरणारा हात विसरला जातो, हे मात्र मला सलते. एरवी त्याच मुलांना आपण जिन्यात उभेही राहू देत नाही.

कोकणात वर्षातून एकदा ‘राखण’ देतात. राखणदाराला कुणी पाहिलेले नसते, तरी त्याचा वाटा न चुकता काढला जातो. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. ज्याचे उपकार फेडायला तो माणूस सापडत नाही, त्याचा वाटा काढून ठेवावा आणि जो पहिला अडलेला भेटेल, त्याच्या हाती द्यावा. दरवर्षी जुलैत मी तसा काढते.